माझे हात कुठे गेले?

गेल्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे तीन महिने राहून गेली. इथे येणाऱ्या आईवडिलांना काय काय दाखवायचं, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी सोडवलेला आहे. नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, देवळं झाली, आउटलेट मॉलसुद्धा दोनदा झाला. मग एका पावसाळी शनिवारी आमच्या चिरंजीवांनी आजीला तळघरात नेलं, फिरत्या खुर्चीत बसवलं आणि तिच्या डोक्याला तो काळा डबा बांधला. संगणकावर विमान चालवायचा 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' लावला आणि विमान थेट साताऱ्यावर नेऊन सोडलं.

"आजी, आता खाली बघ."

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "अगंबाई! हा तर आपला अजिंक्यतारा!" डोंगर अगदी ओळखीचे होते, कारण ते उपग्रहाच्या छायाचित्रांवरून आणि उंचीच्या मोजमापांवरून उभे केलेले असतात. घरं मात्र संगणकाने अंदाजपंचे मांडलेली. त्यामुळे आमची आळी असायला हवी तिथे कुठल्यातरी परक्या गावच्या इमारती उभ्या होत्या. आईने त्याची फारशी पर्वा केली नाही. कास कुठे, यवतेश्वर कुठे, हे तीच नातवाला मान वळवून वळवून सांगत होती. पाचेक मिनिटांनी तिने पदर सारखा करायला हात उचलला, मान खाली घातली आणि एकदम दचकून विचारलं, "अरे, पण माझे हात कुठे गेले?"

आम्ही सगळे हसलो. पण व्हर्च्युअल रिॲलिटीबद्दल आजवर जे जे वाचलं, त्यात इतका नेमका टीकात्मक प्रश्न मला क्वचितच भेटला होता. (आपल्याकडे ह्याला 'आभासी वास्तव' म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण सरकारी परिपत्रकातून उठून आल्यासारखा वाटतो. म्हणून मी पुढे नुसतं 'व्हीआर' म्हणणार आहे.)

प्रश्न असा की, कोट्यवधी डॉलर्स ओतून जे मोठे व्हिडिओ गेम्स बनतात, त्यांच्या व्हीआर आवृत्त्या काढाव्यात की नाही? आमच्या घरात यावर गेली कित्येक वर्षं वाद चालू आहे आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो दर नाताळात होत असणार. मुलं हेडसेट मागतात. पालक विचारतात, "म्हणजे तुझे ते नेहमीचे गेम्स यात घुसून खेळता येणार ना?" खरं उत्तर आहे, बहुतेक नाही. मग मुलांचं म्हणणं असतं की दोष कंपन्यांचा आहे, त्यांनी प्रत्येक मोठ्या गेमची व्हीआर आवृत्ती काढायलाच हवी. मुलाच्या वयाचा होतो तेव्हापासून मी गेम्स खेळत आलो आहे आणि अजूनही खेळतो, हे आमच्या मंडळात फारसं कुणाला माहीत नाही, आता होईल. तर ह्या मागणीशी मी सहमत नाही, आणि का नाही ते जरा सविस्तर सांगतो.

हा डबा काही कालपरवाचा नव्हे. आयव्हन सदरलँड यांनी 1968 मध्येच डोक्यावर बसवायचा पडदा करून दाखवला होता. निन्टेन्डोने 1995 मध्ये 'व्हर्च्युअल बॉय' बाजारात आणला. लाल रंगाखेरीज त्यात काही दिसत नसे आणि वर्षभरात तो गुंडाळावा लागला. मग 2012 मध्ये 'ऑक्युलस'ने लोकवर्गणीतून 24 लाख डॉलर्स जमवले, 2014 मध्ये फेसबुकने 200 कोटी डॉलर्स मोजून ती कंपनी घेतली, आणि 2016 मध्ये सोनीने प्लेस्टेशनला जोडायचा हेडसेट 399 डॉलर्सना विकायला काढला. इथून आपल्या वादाला खरी सुरुवात होते, कारण आता यंत्र घराघरात जाऊ लागलं होतं आणि त्यावर खेळायला काहीतरी भरीव हवं होतं.

अशा वेळी कुणालाही सुचेल ते कंपन्यांना सुचलं. तयार माल उचलायचा. 'स्कायरिम' हा गेम मूळचा 2011 चा. बर्फाळ डोंगर, ड्रॅगन, गुहा, शेकडो तासांचा ऐवज. त्याची व्हीआर आवृत्ती 2017 च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशनवर आणि 2018 च्या एप्रिलमध्ये संगणकावर आली. किंमत नव्या कोऱ्या गेमची, 60 डॉलर्स. त्याच कंपनीचा 'फॉलआउट 4' हाही 2017 च्या डिसेंबरात तसाच आला, त्याच किमतीला.

'स्कायरिम'मध्ये पहिला अर्धा तास मी हरखून गेलो होतो, हे कबूल करायला हवं. टीव्हीवर ज्या राक्षसाकडे आपण बोटभर बाहुलं म्हणून बघत होतो, त्याच्या पायाशी उभं राहून मान वर करावी लागते. ड्रॅगन डोक्यावरून गेला की माणूस नकळत खांदे आकसून घेतो. आकाराची ही जाणीव कुठलाही सपाट पडदा देऊ शकत नाही. पण मग हात चालवायची वेळ येते. हातात तलवार आहे, पण तिला वजन नाही. शत्रूवर घाव घातला तर ती लोण्यातून जावी तशी आरपार जाते. नुसतं मनगट हलवलं तरी लढाई जिंकता येते. हात मनगटापाशी संपतात आणि त्यापुढे धडच नसतं. टेबलावरची वाटी उचलायला जावं, तर हाताने उचलल्याचं समाधान नाही. पूर्वी बटण दाबून उचलत होतो, तसंच आताही. पुढे हौशी मंडळींनी स्वतःच्या वेळात फेरफार करून ह्या गेमला धड दिलं, बोटांना पकड दिली. म्हणजे आईच्या प्रश्नाचं उत्तर कंपनीने नव्हे, गिऱ्हाइकांनी दिलं.

इथे मला नाटकाचा दाखला द्यावासा वाटतो. पु. लं.नी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' केलं. शॉची वाक्यं त्यांनी एकामागून एक मराठीत आणून ठेवली असती, तर ते नाटक कुणी पाहिलं असतं का? मूळ नाटक इंग्रजी उच्चारांवर उभं. तो खांब काढून घेतल्यावर मराठीत त्याच्या जागी काय उभं राहील, ह्याचा त्यांनी आधी विचार केला, आणि मग मंजुळा जन्माला आली. बहुतेक व्हीआर आवृत्त्या ही शब्दशः भाषांतरं आहेत. व्याकरण बरोबर आहे, वाक्य मात्र कुणी बोलत नाही असं.

मोठ्या गेममधला खांब कुठला? माझ्या मते दोन आहेत. एक म्हणजे चित्राचा झगमगाट. 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागाला सुमारे 22 कोटी डॉलर्स खर्च आला, हे 2023 मध्ये एका खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. ह्या पैशाचा मोठा वाटा पानापानावरचं दव आणि चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती दाखवण्यात जातो. टीव्हीवर सेकंदाला 30 चित्रं दाखवली तरी गेम व्यवस्थित चालतो. व्हीआरमध्ये सेकंदाला 90 च्या आसपास लागतात, तीही दोन डोळ्यांसाठी वेगवेगळी. म्हणजे एक चित्र काढायला संगणकाला जेमतेम 11 मिलिसेकंद मिळतात. त्यात थोडी जरी हयगय झाली, तरी पाहणाऱ्याला गरगरतं. साहजिकच सगळ्यात आधी कात्री लागते ती त्या दवाला आणि सुरकुत्यांना. ज्यासाठी 22 कोटी खर्च केले, तेच पुसून टाकायचं आणि उरलेल्याला 'भव्य अनुभव' म्हणायचं, हा व्यवहार मला तरी उफराटा वाटतो.

दुसरा खांब म्हणजे कॅमेरा. आजचा मोठा गेम हा अर्धा सिनेमा असतो. नायकाच्या पाठीमागून कॅमेरा तरंगत असतो, मोक्याच्या प्रसंगी खेळणाऱ्याच्या हातातून सूत्रं काढून घेतली जातात आणि दिग्दर्शक आपल्याला हवा तो चेहरा हव्या त्या कोनातून दाखवतो. व्हीआरमध्ये कॅमेरा म्हणजे प्रेक्षकाची मान. ती दिग्दर्शकाने परस्पर वळवली, तर डोळे सांगतात 'मी फिरतोय' आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं 'मी जागेवर बसलोय'. दोघांच्या भांडणात पोट ढवळून निघतं. एका गेमनंतर मी तासभर न्हाणीघराच्या फरशीवर बसून होतो, आणि सौ.ने दिलेलं आल्याचं पाचक चाटत गेम्सवर व्याख्यान ऐकून घेतलं होतं.

म्हणून व्हीआर हे सिनेमाचं भावंड नसून नाटकाचं आहे, असं माझं मत झालं आहे. आपण दरवर्षी शाळेच्या सभागृहात नाटक बसवतो. प्रेक्षक कुठे पाहील ह्यावर आपली सत्ता नसते. मग आपण प्रकाशझोत टाकतो, एखाद्याला विंगेतून खाकरायला लावतो, बाकीच्यांना स्तब्ध उभं करतो. नजर मागावी लागते. हिसकावून घेता येत नाही. हे ज्यांना कळलं त्यांचेच व्हीआर गेम्स जमले.

ह्याचं सगळ्यात उत्तम उदाहरण म्हणजे 'हाफ-लाइफ : ॲलिक्स'. 2020 च्या मार्चमध्ये, आपण सगळे घरात कोंडले गेलो असताना, व्हॉल्व्ह कंपनीने तो आणला. ही मालिका 1998 साली सुरू झाली तेव्हापासून तिचा एक बाणा आहे : खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून कॅमेरा कधी काढून घ्यायचा नाही. म्हणजे व्हीआरचं व्याकरण ह्या मंडळींना हेडसेट येण्याआधीच पाठ होतं. तरीही त्यांनी जुना गेम डब्यात कोंबला नाही, नवा लिहिला. चालताना गरगरू नये म्हणून एका जागेवरून दुसऱ्या जागी टुणकन जाण्याची सोय, ठरावीक अंशांत वळण्याची सोय, आणि प्रत्येक वस्तूला हात लावता येईल अशी रचना. सुरुवातीलाच एका काचेवर खडूसारख्या पेनाने लिहिता येतं. मी तिथे पंधरा मिनिटं श्री गणेशाय नमः लिहीत बसलो होतो.

आणि त्यातलं ते जेफचं प्रकरण! जेफ हा एक आंधळा, किळसवाणा प्राणी. त्याला दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. तो ज्या बुरशीने माखलेला आहे तिच्यामुळे आपल्याला खोकला येतो. खोकला आला की तो धावून येतो. उपाय काय, तर खराखुरा हात उचलून स्वतःच्या तोंडावर धरायचा. एका हाताने तोंड झाकलेलं, दुसऱ्याने दार ढकलायचं, बाटली पडू द्यायची नाही. आमचे चिरंजीव असे तोंडावर हात धरून तळघरात वाकून उभे होते, तेव्हा सौ. जिन्यावरून म्हणाली, "काय रे, उलटी होतेय का? बादली आणू?" तो उत्तर देईना, कारण उत्तर दिलं तर जेफला ऐकू जाईल असं त्याला मनापासून वाटत होतं. 22 कोटींची सुरकुती हे करू शकली नसती. पुढे 2023 मध्ये काही चाहत्यांनी हाच गेम हेडसेटशिवाय खेळता येईल असा बदल करून दिला. मी तोही खेळून पाहिला. तोंड झाकायचं ते बटण दाबून. कपाटातली खणं उघडणं हे नुसतं काम वाटू लागलं. भाषांतर उलट दिशेनेही फसतं ते असं.

पण इथवर वाचून कुणी म्हणेल, की जुना गेम व्हीआरमध्ये आणूच नये असा तुमचा हट्ट दिसतो. तसं नाही. माझ्या सिद्धान्ताला पहिला सुरुंग 'रेसिडेंट ईव्हिल'नेच लावला. त्याचा सातवा भाग 2017 च्या जानेवारीत आला आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सोनीच्या हेडसेटवर खेळता येत असे. चित्र धूसर, हातात साधा नेहमीचा कंट्रोलर, नेम धरायचा तो डोकं वळवून. माझ्या सगळ्या नियमांनी हा गेम पडायला हवा होता. पण त्यात एक प्रसंग आहे. लुइझियानातल्या एका पडक्या घरात बेकर कुटुंबाने नायकाला जेवणाच्या टेबलाशी खुर्चीला बांधून ठेवलं आहे. समोर नासकं जेवण, भोवती ते भयंकर यजमान. आपण आपल्या घरी खुर्चीत बसलेलो, आणि गेममध्येही खुर्चीतच. शरीर आणि चित्र यांचं पहिल्यांदाच एकमत होतं, आणि मग भीती कुठल्याही वशिल्याशिवाय थेट आत शिरते. मी दिवा लावून खेळलो; त्याचा उपयोग नसतो हे नंतर लक्षात आलं.

त्याच मालिकेचा चौथा भाग मूळचा 2005 चा, नायकाच्या खांद्यामागून पाहण्याचा. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये त्याची व्हीआर आवृत्ती आली ती मात्र खरं रूपांतर होती. कॅमेरा नायकाच्या डोळ्यांत आणला. बंदुका कमरेला, छातीला, पाठीला लटकवल्या. गोळ्या संपल्या की रिकामी पेटी खाली टाकायची, कमरेची नवी काढून बसवायची, खटका ओढायचा. समोरून गावकरी कोयते घेऊन येत असताना हे करताना बोटं खरोखर थरथरतात. मूळ गेममध्ये नेम धरला की चालता येत नसे, इथे चालता येतं. आणि मधले सिनेमासारखे प्रसंग? ते त्यांनी सरळ एका सपाट पडद्यावर दाखवले. हा कबुलीजबाबच मला आवडला. जे रूपांतरित होत नाही ते होत नाही.

दुसरी सवलत बसून खेळायच्या गेम्सना. गाडी चालवायची, विमान चालवायचं, तर माणूस खऱ्या आयुष्यातही बसलेलाच असतो. 'ग्रॅन टुरिस्मो 7' ला 2023 च्या फेब्रुवारीत व्हीआर मिळालं तेही वेगळे पैसे न मागता, आणि वळणावर शेजारच्या आरशात बघण्याची सवय त्यात आपोआप कामाला येते. फ्लाइट सिम्युलेटरला ते 2020 च्या डिसेंबरात मिळालं, म्हणून तर आई साताऱ्याला जाऊन आली. अशा गेम्सना व्हीआर द्यावंच, नव्हे, न देण्याला सबब नाही.

आता चिरंजीवांची बाजू. तो म्हणतो, "बाबा, मोठे गेम्स आले नाहीत तर लोक हेडसेट घेणार नाहीत, आणि लोकांनी हेडसेट घेतले नाहीत तर मोठे गेम्स येणार नाहीत. कुणीतरी आधी उडी मारली पाहिजे." मुद्दा बिनतोड वाटतो. पण आकडे पाहा. 2019 अखेर सोनीने 50 लाख हेडसेट विकले होते. त्याच सुमारास प्लेस्टेशन 4 ची संख्या 10 कोटींच्या वर होती. म्हणजे वीस घरांत एक. 2023 मध्ये दुसरा हेडसेट आला तो 550 डॉलर्सना, ज्या यंत्राला जोडायचा त्याहून महाग. 2025 च्या मार्चमध्ये तो 400 वर आणावा लागला. युबिसॉफ्टने तर उडी मारली होती. 'असॅसिन्स क्रीड नेक्सस' 2023 च्या नोव्हेंबरात खास व्हीआरसाठीच बांधून काढला. माझ्या सल्ल्याप्रमाणेच म्हणा ना. तीनच महिन्यांनी कंपनीचे प्रमुख म्हणाले की अपेक्षाभंग झाला, आता ह्यात गुंतवणूक वाढवणार नाही. 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास'ची व्हीआर आवृत्ती 2021 मध्ये थाटात जाहीर झाली आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये बेमुदत बाजूला ठेवली गेली. तेव्हा नीट केलेलं रूपांतर विकलं जाईलच असं मी म्हणत नाही. फसलेलं भाषांतर मात्र पुढच्याची वाट बंद करतं, कारण 60 डॉलर्स घालवून पोट ढवळून घेतलेला माणूस दुसऱ्यांदा डबा बांधत नाही, आणि तो कपाटात जातो. आमच्या ओळखीच्या तीन घरांत तो झांजांच्या आणि गणपतीच्या मखराच्या शेजारी ठेवलेला मी पाहिला आहे.

कंपन्यांना परवडत नसेल, तर त्यांनी निदान दुसऱ्यांच्या वाटेत येऊ नये. 2024 च्या जानेवारीत एका हौशी कारागिराने 'अनरिअल' इंजिनावर बनलेले असंख्य गेम्स हेडसेटमध्ये दाखवणारं साधन फुकट देऊन टाकलं. ते भाषांतरच आहे, तेही यंत्राने केलेलं, पण ते तसं असल्याचं सांगून दिलेलं आहे. याउलट टेक-टूने 2022 मध्ये आपल्या गेम्सचे असे फेरफार कायद्याचा धाक दाखवून मागे घ्यायला लावले. ते फेरफार करणारा पैसे घेत होता, हे खरं; कंपनीचा हक्कही खरा. पण स्वतः शिजवायचं नाही आणि दुसऱ्याने मांडलेली चूल विझवायची, ह्यात रसिकाला काय मिळालं?

एक गोष्ट मात्र चिरंजीवांना मी अजून नीट समजावू शकलेलो नाही. टीव्हीवर तो खेळत असला की मी सोफ्यावर बसून "अरे, डावीकडे बघ" म्हणू शकतो. आमचं बरंचसं बोलणं त्याच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी असंच झालं, पडद्याकडे बघत. डबा बांधला की तो खोलीत असून नसतो. शेकडो तासांचा गेम डब्यात न्यायचा, म्हणजे शेकडो तास कुणीतरी घरातून उठून जाणार. 'ॲलिक्स' पंधरा तासांच्या आसपास संपतो. तेवढं मी सोसायला तयार आहे.

त्यावर तो म्हणाला, "मग आजीच्या वेळी तुम्ही सगळे कुठे होतात? डबा तिच्या डोक्यावर होता, पण बोलत तर सगळे होते." ते बरोबर होतं. ती जे बघत होती ते शेजारच्या मॉनिटरवर आम्हालाही दिसत होतं, आणि ती दाखवत होती.

आई परत गेली. मागच्या रविवारी फोनवर तिने विचारलं, पुढच्या खेपेला वाईला नेशील का, पण घाट दिसेल इतक्या खालून. मी म्हटलं, नेतो, पण घाटाच्या पायऱ्या तिथे असतीलच असं नाही. "नसू देत," ती म्हणाली, "तुझ्या लेकाला म्हणावं, ह्या वेळी हातांचं तेवढं बघ."